जलचक्राचा संच: पाऊस पडतो, पण विहीर कुठे आहे?

पारदर्शक प्लास्टिकची टाकी, आत एका कडेला हिरवा डोंगर, डोंगरावरून उतरणारी नदीची खाच, खाली समुद्राची खोलगट जागा आणि वर बर्फ भरायला ढगाच्या आकाराचं झाकण. शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन हा ‘जलचक्र संच’ वेगवेगळ्या नावांनी मिळतो, साचा मात्र बहुतेक एकच असतो. किंमत हजार रुपयांच्या आत-बाहेर. सोबत निळ्या रंगाची पुडी, चिकटवायच्या पट्ट्या, दिवा अडकवायचा प्लास्टिकचा दांडा (दिवा आपला आपण आणायचा) आणि घडीचं माहितीपत्रक. बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांसाठी म्हणून तो विकला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळेत किंवा घरात तो कितपत चालतो, कुठे अडतो आणि अडला की काय करायचं, ते पाहू.

निकाल आधीच सांगून टाकतो. शाळेने एक संच घ्यायला हरकत नाही. घरी एकट्या मुलासाठी घेऊ नये. समुद्राचं पाणी वर कसं जातं आणि डोंगरावर पाऊस कसा होतो, हे हा संच नीट दाखवतो, तेही पत्रकातली पद्धत बदलली तर. पडलेलं पाणी पुढे जातं कुठे, याबाबत तो गप्प आहे. पाऊस प्लास्टिकच्या डोंगरावरून घसरतो आणि जसाच्या तसा समुद्रात येतो. वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस झेलून मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीतल्या मुलाला चक्राचा नेमका तोच तुकडा हवा असतो.

आधी उष्णतेचं बघू, कारण संच ‘चालत नाही’ अशी तक्रार असते ती बहुतेक इथलीच. पत्रकात लिहिलंय, समुद्रात थंड पाणी भरा आणि वर दिवा लावा. हे वाक्य जुन्या तारेच्या बल्बच्या काळातलं आहे. तारेचा बल्ब विजेचा बहुतांश भाग उष्णतेत घालवायचा, म्हणून ६० वॅटच्या दिव्याखाली पाणी तापायचं. आज घरात असतो ९ वॅटचा एलईडी. तो तासभर लावून ठेवला तरी पाणी कोमटही होत नाही. मुलं वाट बघून उठून जातात आणि बाई म्हणतात, संच खराब निघाला.

यावर दोन उपाय. सोपा उपाय म्हणजे दिव्याचा नाद सोडून पाणीच गरम भरायचं. बोट क्षणभर बुडवता येईल पण ठेववणार नाही इतकं, म्हणजे ५० ते ५५ अंशांचं, अर्धा लिटर. याहून गरम भरू नये: टाकीचं पातळ प्लास्टिक वाकतं, आणि हात घातल्याशिवाय मुलांना चैन पडत नाही. दुसरा उपाय कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी वापरतात त्या लाल बल्बचा. पोल्ट्रीचं खाद्य विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. ‘सूर्य तापवतो’ हे त्याने खरोखर दिसतं, पण तो टाकीपासून किमान दीड वीत लांब ठेवावा लागतो, त्याला चिनीमातीचं होल्डर लागतं, आणि तापलेल्या काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला तर काच तडकते. त्यामुळे तो मोठ्या माणसाच्या हातातच राहिला पाहिजे. संचासोबतच्या प्लास्टिकच्या दांड्याला हा बल्ब अजिबात अडकवू नका.

ऑक्टोबरच्या उन्हात संच अंगणात ठेवून नुसत्या सूर्यावरही काम होतं. समुद्राच्या तळाशी काळा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला तर पाणी लवकर तापतं. तरी तास-दीड तास जातो, म्हणजे सकाळी मांडून मधल्या सुट्टीनंतर बघायचं.

आता बर्फाचं झाकण. ढगाचा आकार गोंडस आहे आणि तोच त्याचा दोष. जाड प्लास्टिकमधून थंडी खाली पोचायला वेळ लागतो, आणि ढगाच्या फुगीर बुडाला थेंब कुठेही जमतात. झाकण बाजूला ठेवून त्याजागी स्टीलचं ताट ठेवा, बर्फ ताटात. स्टीलमधून उष्णता प्लास्टिकच्या कितीतरी पटीने झपाट्याने जाते, त्यामुळे गरम पाणी असेल तर पाचेक मिनिटांत ताटाच्या बुडावर दव दिसायला लागतं आणि पंधरा-वीस मिनिटांत थेंब सुटतात. ताट सपाट ठेवलं तर थेंब होते तिथेच, म्हणजे बहुतेक समुद्रावर पडतात. (खऱ्या जगातही पावसाचा तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा समुद्रावरच पडतो, हे मोठ्या मुलांना सांगायला हरकत नाही.) डोंगरावर पाऊस पाडायचा असेल तर ताटाची समुद्राकडची कड पेन्सिलभर उचला. थेंब बुडावरून घरंगळत डोंगराच्या माथ्याकडे येतात आणि तिथे टपटपतात. ताट आणि टाकी यांच्यातल्या फटीतून वाफ निसटते, म्हणून कडेला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी लावावी. चिकटपट्टी ओली झाली की सुटते.

बर्फात मीठ घालू नका. मटका कुल्फीच्या आठवणीने बरेच जण घालतात. मीठ घातलेला बर्फ शून्याच्या बराच खाली जातो, ताटाच्या बुडावरचं दव तिथेच गोठतं आणि पाऊस पडायचा थांबतो. साधा बर्फ, एका ताटाला दोन ट्रे, पुरे.

दुसरी अडचण धुक्याची. गरम पाणी भरताच टाकीच्या पुढच्या भिंतीवर आतून धूसर थर येतो आणि आतलं काहीच दिसेनासं होतं. पाणी भरण्याआधी पुढच्या भिंतीला आतून भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या कापडाने पुसून घ्या. मग थेंब सुटे न राहता पातळ पापुद्र्यासारखे पसरतात आणि आरपार दिसतं. साबण फक्त त्या एकाच भिंतीला. ताटाच्या बुडाला लागला तर तिथेही थेंब धरत नाहीत, पाणी पसरून कडेने उतरतं.

आता संचातली सर्वात चांगली गोष्ट, जिच्याबद्दल पत्रकात एक ओळही नाही. निळ्या रंगाची पुडी समुद्रात मिसळायची असते, ‘समुद्र सुंदर दिसावा’ म्हणून. पण डोंगरावर पडणारे थेंब बिनरंगी असतात! हा मोठा शोध आहे. मुलांनी चित्रांत पाऊस नेहमी निळाच रंगवलेला असतो. इथे निळ्या समुद्रातून वर गेलेलं पाणी स्वच्छ होऊन खाली येतं. रंग कुठे राहिला, हा प्रश्न विचारून तुम्ही गप्प बसा. पाच वर्षांचं मूलसुद्धा ‘खालीच राहिला’ म्हणतं. नदीच्या खाचेच्या तोंडाशी स्टीलची छोटी वाटी ठेवून पावसाचं पाणी वेगळं धरा, नाहीतर ते परत निळ्यात मिसळतं आणि पुरावा गेला.

पुढची पायरी मिठाची. अर्ध्या लिटर पाण्यात सपाट तीन चहाचे चमचे मीठ घातलं की ते साधारण समुद्राइतकं खारट होतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्या हिशेबाने. पावसाचं पाणी गोडं आहे हे तपासायला चव घ्यायची गरज नाही, आणि शाळेच्या प्रयोगात चाखायची सवय लावूही नये. त्याऐवजी काळ्या बुडाच्या दोन ताटल्या घ्या, एकीत चमचाभर समुद्र, दुसरीत चमचाभर पाऊस, आणि उन्हात ठेवा. दुपारपर्यंत एकीत पांढरा थर उरतो, दुसरी कोरडी ठक्क. पावसाच्या ताटलीतही पांढरं आलं तर समजा की कोणीतरी टाकी हलवली आणि खारं पाणी डोंगरावर उडालं. हे फार होतं. टाकी भिंतीकडच्या टेबलावर ठेवा, मुलांना तिच्याभोवती पुढून बसवा, आणि पाणी ओतताना नरसाळं वापरा. समुद्रावरून आणलेलं खरं पाणी वापरायचा मोह होतो, तो टाळलेला बरा. त्यात वाळू असते, खाडीच्या तोंडाजवळ सांडपाणीही असतं, आणि टाकीला जो वास धरतो तो जात नाही.

पांढरा थर दाखवून झाला की सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या मिठागरांकडे वळायला वेळ लागत नाही. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, उन्हा-वाऱ्यावर आटू द्यायचं, घट्ट झालं की पुढच्या वाफ्यात, शेवटी मीठ ओढून काढायचं. जलचक्राचा अर्धा भाग तिथे उघड्यावर मांडलेला असतो. १९३० साली मिठाचा सत्याग्रह याच शिरोड्यातही झाला, हे चौथीच्या वर्गाला त्याच दमात सांगता येतं. जवळ मिठागर नसेल तर वाळवणं आहेतच: आमसुलं, आंबापोळी, फणसाची साठं, बांबूवर टांगलेले बोंबील. ‘यातलं पाणी गेलं कुठे?’ हा एकच प्रश्न सगळ्यांना लागू पडतो.

मुलांच्या डोक्यात आधीच काही गोष्टी पक्क्या असतात. संच वापरताना त्या निघाल्या नाहीत तर नुसतं ‘छान थेंब पडले’ एवढंच राहतं. पहिली म्हणजे पाणी उकळल्याशिवाय वाफ होत नाही. पेजेचं पातेलं आणि मोदकपात्र बघून हा समज घट्ट झालेला असतो. मोदकपात्राच्या झाकणाखालचे थेंब मोदकांवर पडू नयेत म्हणून झाकणाला फडकं बांधतात, तेही मुलांना दाखवण्यासारखंच. पण ते एकटं दाखवलं तर समज आणखी घट्ट होतो. म्हणून त्याच दिवशी ओल्या पाटीचं वाळणं दाखवा. तिथे ना चूल, ना आच. दुसरी गोष्ट: गरम पाण्यावर दिसणारं पांढरं म्हणजे वाफ. खरी वाफ दिसत नाही; पांढरं दिसतं ते बारीक थेंब असतात, आणि ढगही अशाच थेंबांचा (फार उंचावर बर्फाच्या कणांचा) असतो. टाकीत पाणी आणि ताट यांच्यामध्ये काहीच दिसत नाही, तरी वर थेंब जमतात, हे बोटाने दाखवून द्यावं लागतं. तिसरी गोष्ट गंमतीची आहे. थंड पेल्याला बाहेरून आलेलं पाणी आतून झिरपलं असं मुलांना वाटतं. इथे आपल्याकडे सोय चांगली आहे: स्टीलऐवजी काचेच्या पेल्यात बर्फ घातलेलं कोकम सरबत द्या. आत लालभडक, बाहेरचे थेंब पांढरे स्वच्छ. कोकणच्या दमट हवेत हे दोन-तीन मिनिटांत होतं, कोरड्या गावी इतकं झटपट होत नाही. पेला झाकून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला तर वजन हळूहळू वाढतानाही दिसतं. बाहेरून पाणी आलं याला दुसरा पुरावा लागत नाही.

संचाची रचनाच काही ठिकाणी कमी पडते. डोंगर टाकीच्या भिंतीला टेकलेला आहे, म्हणजे डोंगराला पलीकडची बाजूच नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुलांना हे पटणार नाही. समुद्रावरून येणारी ओली हवा घाटाला अडते, वर चढते, चढताना थंड होते, अलीकडे आणि माथ्यावर ओतते. पलीकडे उतरताना तीच हवा तापते आणि कोरडी होते. आंबोलीला वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरला पाच मीटरहून जास्त आणि जेमतेम ३० किलोमीटरवरच्या वाईला एक मीटरसुद्धा नाही. संचात हे दाखवायचं तर डोंगर सुटा निघतो का ते बघा. निघत असेल तर भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवा आणि ताटाचा उतार असा ठेवा की थेंब माथ्याशीच गळून जातील. मागे कोरडा राहिलेला तुकडा म्हणजे घाटापलीकडचा ‘देश’. खरं कारण हवेच्या चढण्या-उतरण्यात आहे आणि टाकीत वाराच नाही, हे मात्र तोंडी सांगावं लागतं. पत्रकातला डोंगर तर बर्फाच्छादित आहे, बाजूला सूचिपर्णी झाडं. ते चित्र वर्गात लावू नका. एका कार्डशीटवर माडाची झाडं, खाडी, सडा (जांभ्या दगडाचं पठार), घाट असं मुलांकडूनच काढून घेऊन टाकीच्या मागे चिकटवा. पट्ट्याही हिंदी-इंग्रजीत आहेत. लहानांसाठी ‘वाफ होते’, ‘थेंब जमतात’, ‘पाऊस पडतो’, ‘पाणी मुरतं’, ‘पाणी वाहतं’ अशा हाताने लिहिलेल्या पट्ट्या पुरतात, पाठ्यपुस्तकातले शब्द तिसरीपासून.

‘पाणी मुरतं’ ही पट्टी लावायला मात्र संचात जागाच नाही. ती जागा आपण करायची. दोन लिटरची शीतपेयाची रिकामी बाटली घ्या, मान कापून टाका. तळाशी तीन बोटं चिकणमाती थोपटून बसवा. तिच्या लगेच वर बाटलीच्या बाजूला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा आणि आगकाडीने बंद करा. चिकणमातीवर अर्धी वीत जांभ्या दगडाचे तुकडे, बोराएवढे. चिरेखाणीजवळ किंवा घराचं काम चाललेलं असेल तिथे हवे तेवढे मिळतात. वर दोन बोटं तांबडी माती. बाटलीच्या कडेला आतून पारदर्शक नळी उभी करा, तिला खालच्या भागात चार-पाच भोकं पाडून मच्छरदाणीचं कापड गुंडाळा. ही विहीर. जांभा आधी चार-पाच पाण्यांनी धुऊन घ्यायचाच. नाहीतर सगळं पाणी तांबडं होतं आणि विहिरीची पातळी ओळखूच येत नाही.

झारीने सावकाश पाणी घाला. पहिलं पाणी गायब होईल: कोरडा जांभा ते पिऊन टाकतो आणि विहिरीत काहीच दिसत नाही. पोरं हिरमुसतात, पण थांबू नका, कारण मृगाच्या पहिल्या सरींनी विहिरी भरत नाहीत त्याचं एक कारण हेच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या झारीला नळीत पाणी चढायला लागतं. पातळी चार बोटं चढली की बाहेरून स्केचपेनने खूण करा आणि आगकाडी काढा. भोकातून धार लागते. हा डोंगराच्या कुशीतला झरा, पुढे पऱ्ह्या (छोटा ओढा), पुढे नदी. विहिरीची पातळी डोळ्यांदेखत उतरते. कोणी विहिरीतून पाणी काढलं नाही, तरी ती रिकामी झाली! जांभा सच्छिद्र आहे, खाली चिकण थर आहे आणि आपली जमीन समुद्राकडे तीव्र उताराची आहे. पाणी मुरतं भरभर आणि निसटतंही भरभर. आता भोकात कापडाचा बोळा अर्धवट कोंबा. धार बारीक होते, पातळी उतरायला वेळ लागतो. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाडीवाले पऱ्ह्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालतात, ते यासाठी. शेवटी मातीवर प्लास्टिकचा कागद अंथरून पुन्हा झारी धरा: सगळं पाणी वरूनच वाहून जातं, विहीर कोरडी. अंगणभर पेव्हर ब्लॉक घातले की काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

ही बाटली फुकट होते आणि हजाराच्या संचापेक्षा कोकणातल्या मुलाला जास्त सांगते. संच बनवणाऱ्याने डोंगर पोकळ ठेवून त्यात माती भरायची सोय केली असती तर दोन्ही एकाच टाकीत झालं असतं. पोकळ तो आहेच, फक्त वरून बंद आहे. धारदार कटरने माथ्याला खिडकी आणि पायथ्याला भोक पाडलं तर जमतं, पण गॅरंटी गेली असं धरून चाला.

चक्रातून माणूसही गायब आहे. हा दोष या एकाच संचाचा म्हणता येणार नाही, जगभरची चित्रं अशीच होती. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने २०२२ साली आपला जलचक्राचा तक्ता नव्याने काढला, तेव्हा त्यात शेती, शहरं, धरणं आणली. आपल्याला इतकं लांब जायला नको. चिपळूणच्या मुलांना वाशिष्ठी रोजची. तिच्यात येणारं पाणी सगळं कोकणात पडलेलं नसतं. घाटापलीकडे कोयनेच्या खोऱ्यात पडलेलं पाणी, जे एरवी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते बोगद्यांतून पोफळीच्या वीजघराला येतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. तिसरी-चौथीला हे सांगा. टाकीच्या चित्रावर डोंगरातून एक नळी काढून दाखवली की काम झालं.

कुठल्या महिन्यात वापरायचा, यावर संचाचं यश बरंच अवलंबून आहे. पत्रक याबाबत काहीच बोलत नाही. बहुतेक शाळा तो जून-जुलैत बाहेर काढतात, पावसाचा धडा म्हणून. ती वेळ चुकीची. मळभ दाटलेलं, ऊन नाही, वीज कधी जाईल नेम नाही, हवा आधीच ओलीचिंब. उघड्या ताटलीतलं पाणी आटत नाही, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात. बाष्पीभवन शिकवायला ऑक्टोबर ते मार्च, आणि पावसात पाऊसच मोजायचा.

मोजायला सरळ भिंतीचा प्लास्टिकचा डबा लागतो. खांद्याची बाटली चालत नाही, कारण वर तोंड अरुंद आणि पोट रुंद असलं की आकडा चुकतो. बूड आत वळलेलं असेल तर आधी शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरून घ्या. बाहेर मोजपट्टी चिकटवा, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब उघड्यावर, उडू नये म्हणून दोन चिऱ्यांमध्ये बसवून ठेवा, रोज सकाळी ठरावीक वेळी वाचून ओता. ओतायला विसरलं की दोन दिवसांचा आकडा एक होतो. त्यासाठी मुलांची पाळी लावलेली बरी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ५०० चौरस फुटांच्या कौलांवर १०० मिलिमीटर पडला (जुलैत कोकणाला हे नवीन नाही) तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी पागोळ्यांतून जातं, म्हणजे २०० लिटरची तेवीस पिंपं. चौथीची मुलं हे गणित आनंदाने करतात. नद्या पावसावरच चालतात हे पूर्वी बड्याबड्यांना पटत नव्हतं. फ्रान्समध्ये पिअर पेरोने सीन नदीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस मोजला आणि तो नदीतल्या पाण्याच्या सुमारे सहापट आहे असं १६७४ साली छापलं, तेव्हा कुठे वाद मिटायला लागला. त्याचंही काम मोजमापावरच झालं.

वयाबद्दल पाकिटावर ‘३ वर्षांपासून पुढे’ लिहिलंय. तीन ते पाचच्या मुलांना संपूर्ण चक्र कळत नाही आणि कळावं अशी अपेक्षाही ठेवू नये. बाणांचं वर्तुळ त्यांना पाठ होतं, एवढंच. त्यांच्यासाठी ओलं-कोरडं पुरे: फरशीवर कपभर पाणी ओतायचं, कडेने खडूने रेघ मारायची, दहा-दहा मिनिटांनी पुन्हा रेघ. फक्त जागा बघून निवडा. जांभ्याच्या ओट्यावर किंवा सारवलेल्या खळ्यात पाणी आटत नाही, मुरतं, आणि मुलांच्या डोक्यात दोन्हीची गल्लत होते. गुळगुळीत लादी किंवा स्टीलचं ताट घ्या. संच सहा वर्षांपासून पुढे, बाटलीची विहीर आठपासून. एका संचाभोवती सात-आठ मुलांहून जास्त बसवलीत तर मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात.

शेवटी सांभाळण्याचं. आपल्या हवेत टाकी ओली ठेवली की आठवड्यात कोपऱ्यांत बुरशी धरते आणि डोंगर चिकटवलेला डिंक सुटतो. वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उलटी करून सावलीत सुकवा, झाकण न लावता ठेवा. मिठाचे पांढरे डाग व्हिनेगर किंवा लिंबाच्या फोडीने जातात. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासू नये, चरे पडले की साबणाचा उपायही चालत नाही. घेताना तीन गोष्टी बघा: डोंगर सुटा आहे का, झाकणाऐवजी ताट टेकेल इतकी वरची कड सपाट आहे का, आणि टाकीच्या सांध्यांतून पाणी गळतं का. दुकानात घेत असाल तर तिथेच अर्धी टाकी पाणी भरून पाच मिनिटं कागदावर ठेवा. ऑनलाइन मागवली तर परत पाठवायची मुदत संपण्याआधी हे घरी करा. सुटे भाग सहसा मिळत नाहीत. झाकण फुटलं तर हळहळू नका, ताट त्याहून चांगलं चालतं. टाकीचा सांधा गेला तर माशांच्या टाकीला लावतात ते सिलिकॉन भरून दिवसभर वाळू द्या.